नंबर लागेपर्यंत

आमच्या घरी एक काळ असा होता, की दारात आलेला माणूस चपला काढायच्या आधी विचारायचा, "मंग, नंबर कुठवर आला?" दूधवाला विचारायचा, शेजारच्या काकू विचारायच्या, वडनेरहून तुरीची डाळ घेऊन आलेला काका टेकायच्या आधी विचारायचा. हा नंबर स्कूटरचा. आजच्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं, पण तेव्हा स्कूटर दुकानात जाऊन विकत मिळत नसे. आधी पैसे भरून नाव नोंदवायचं, त्याला बुकिंग म्हणायचं, मग तुमचा नंबर लागायचा आणि मग तुम्ही बसायचं. गाड्या कारखान्यातून येतील तशा येतील. वर्ष लागो की चार लागोत, कोणी सांगत नसे आणि फार कोणी विचारतही नसे. आमच्या बाबांनी अशी एक स्कूटर बुक केली होती. ती माझ्या होणाऱ्या नवऱ्यासाठी होती, त्याच्याच नावावर होती, आणि ती आल्याशिवाय माझं लग्न होणार नव्हतं.

बोरगाव मेघ्याला आमच्या दोन खोल्या, एक सैपाकघर आणि पुढं टिनाची छपरी. बाबा वडनेरच्या शेतकऱ्याचे धाकटे. शेती थोरल्या भावाकडे सोडून ते वर्ध्याला कचेरीत कारकून म्हणून लागले आणि शहराच्या या टोकाला घर करून राहिले. उन्हाळ्यात टिन असं तापायचं, की माय छपरीत कुरड्या वाळत घालायची त्या दुपार सरायच्या आत खडखडीत व्हायच्या. संध्याकाळी अंगणात पाणी मारलं, की लांबून रेल्वेचा भोंगा ऐकू यायचा आणि आतून भाकरी थापण्याचा आवाज. माय भाकरी थापताना बोलत नसे, पण शेवटची भाकर तव्यावर पडली, की दिवसभराचं साठलेलं सगळं एकदम बोलून टाकायची. माझ्या पाठीवर प्रभा, एवढंच आमचं घर. मी बारावी झाले होते आणि मला डी.एड. करून मास्तरीण व्हायचं होतं. लहानपणी मी छपरीतल्या भिंतीला शिकवायची, आणि भिंतीला आलं नाही तर तिला छडीनं मारायचीही.

तेवढ्यात नाचणगावचं स्थळ आलं. मुलाचं नाव शरद, पुलगावात नोकरीला, दिसायला नीटस आणि बोलायला अगदी कमी. बोलायचं सगळं काम त्याच्या वडिलांकडे होतं. त्यांना गावात काकाजी म्हणत. काकाजी हुंड्याच्या कडक विरोधात. साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या बैठकीत चारचौघांसमोर छातीवर हात ठेवून त्यांनी सांगितलं, की आम्हाला एक पैसा नको. फक्त पोरीच्या सोयीसाठी एखादी स्कूटर असली म्हणजे बरं, तीही आम्ही मागत नाही, ती पोरीचीच. पण पोरीच्या सोयीची गाडी पोराच्या नावावर बुक झालेली बरी, पुढं नाव बदलायची कटकट नको. बाबांनी मान डोलावली. बाबांचा शिक्क्यावर फार विश्वास. शिक्का मारलेली पावती हातात आली म्हणजे काम फत्ते, असं मानणारा माणूस तो. त्यांनी दुसऱ्याच दिवशी शरदच्या नावानं पैसे भरले आणि कचेरीत पेढे वाटले. काकाजींनी तिकडं गावभर सांगून टाकलं, की आमची सून स्कूटरवर बसूनच गावात येईल. हे गावात एकदा फिरलं आणि मग त्यांना ते मागं घेता येईना. झालं, माझं लग्न गाडीला बांधलं गेलं. गाडी तर अजून कारखान्यातही नव्हती.

पहिला जून आला तेव्हा मी डी.एड.चा विषय काढला. बाबांनी काकाजींना विचारलं, कारण आता मला विचारून उपयोग नव्हता. काकाजींचा निरोप आला, की नंबर केव्हाही लागेल, मधातच कॉलेज सोडावं लागेल, मग फी फुकट कशाला घालता. बाबांना ते पटलं. खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी मलाही पटलं. दुसऱ्या जूनलाही गाडी येण्यातच होती. तिसऱ्या जूनला तर दुकानदारानं छातीठोक सांगितलं होतं, की यंदा गणपतीच्या आत. गाडी कधीच लांब नसायची, हेच तर त्यातलं वाईट. दहा वर्षांनी येईल असं कोणी स्पष्ट सांगितलं असतं तर मी शिकून, नोकरी करून, वरून दोन म्हशी पाळल्या असत्या. पण ती सदा पुढच्या महिन्यात यायची, आणि पुढच्या महिन्यात येणाऱ्या वस्तूसाठी माणूस काहीच सुरू करू शकत नाही.

आणि घरात तरी किती कोंडावं! मामाच्या गावी आठ दिवस जाते म्हटलं, तर मधात नंबर लागला तर? मैत्रिणींबरोबर सिनेमाला जाते म्हटलं, तर नाचणगावच्या कोणी पाहिलं तर? माय म्हणायची, "तू आता त्यायची अमानत हायेस, तुले काई झालं तर आमी काय तोंड दाखवाव?" अमानत म्हणजे दुसऱ्याची ठेव. ठेवीला कोणी हात लावत नाही, तिचा कोणी उपयोगही करत नाही, फक्त रोज आहे ना जागेवर एवढं पाहतात. माझ्याबरोबरच्या पोरींची लग्नं झाली, त्या पोटुशा होऊन माहेरी आल्या, लेकरं घेऊन परत गेल्या. मी खिडकीत बसून तांदूळ निवडत होते. प्रभासाठी स्थळं येऊ लागली तर त्यांना सांगावं लागे, की थोरलीचं व्हायचं आहे, थोरलीची गाडी यायची आहे. प्रभा कधी काही बोलली नाही, पण भांडी घासताना ती जरा जास्तच आदळायची.

रुखवताची भांडीही घेऊन झाली होती. माय दर धनतेरसेला एक घ्यायची आणि दुकानातच त्यावर आम्हा दोघांची नावं टाकून आणायची, शरद आणि कुंदा, खाली एक फूल. पलंगाखाली ती भांडी पोत्यात बांधून होती आणि घरात पाहुणे आले की आम्ही शेजारून पातेली मागून आणायचो, कारण आमची ती दुसऱ्याच्या नावाची. त्यातला एक गंज, म्हणजे उभं पातेलं, अजून माझ्या सैपाकघरात आहे. माझं लग्न पुढं झालं, उशिरा झालं आणि चांगलं झालं. आमच्या ह्यांनी सगळा जन्म दुसऱ्याच्या नावाच्या गंजातलं वरण खाल्लं. जेवताना अधूनमधून म्हणतात, आज शरदरावांचं वरण मस्त जमलं हो.

सणाला नाचणगावची मंडळी यायचीच. पोळ्याला, दिवाळीला, संक्रांतीला. माय आदल्या दिवसापासून पुरण शिजवायची, कढीगोळे करायची, पाटोडीचा झणझणीत रस्सा करायची. काकाजी जेवायचे सावकाश, चव घेऊन. दुसरी पुरणपोळी वाढली, की तूप ओतून घेत ते बाबांना विचारायचे, "मंग वामनराव, नंबर?" माझे बाबा, कचेरीत चार माणसांना कामाला लावणारे, खाली मान घालून सांगायचे, की सरकला आहे, बराच सरकला आहे. दर शनिवारी कचेरी सुटली की ते दुकानात जाऊन फळ्यावर लावलेले नंबर पाहून येत. फाटकातून आत येताना त्यांची टोपी कुठं आहे ते मी पाहायची. टोपी डोक्यावर असली तर थोडा सरकलेला, हातात असली तर जागीच. शरद माझ्याकडे कधी सरळ पाहत नसे. एकदा पाणी देताना त्यानं हळूच विचारलं, की तुम्ही दिवसभर काय करता? मी म्हटलं, वाट पाहते. तो म्हणाला, मीही. तेवढंच आमचं प्रेम.

आमच्या गल्लीत एक गृहस्थ होते. त्यांनी बायकोच्या नावानं, भावाच्या नावानं, म्हाताऱ्या आईच्या नावानं अशा स्कूटरी बुक केल्या होत्या. त्या बिचारीला दम्यामुळं खाटेवरून उठवत नव्हतं, ती काय स्कूटर चालवणार? नंबर लागला, की ते गाडी घरापर्यंतसुद्धा न आणता वरचे पैसे घेऊन घाईतल्या माणसाला देऊन टाकायचे. ज्याला गाडी नको होती त्याला बुकिंग परवडलं, आणि ज्याला हवी होती तो सुकत बसला. परवा माझी नात फोनवर विचारत होती, आजी, तो नवा मोबाईल अजून यायचा आहे, पण आत्ताच बुक केला तर सगळ्यांच्या आधी मिळेल, करू का? मी म्हटलं, बाई, तुझ्या हातातला बिघडला का? नाही. मग जी वस्तू कोणी पाहिली नाही, वापरली नाही, तिच्यासाठी आज पैसे देऊन तू त्यांच्या दारात कशाला उभी राहतेस? दहा जण घेऊ दे, बोंबलू दे, मग घे. ती हसली. तिचं तरी बरं आहे, तिला नको वाटलं तर एक बटण दाबून पैसे परत मागता येतात. पण रांगेत उभं राहिलं, की माणूस वस्तूचा विचार सोडून देतो आणि नुसता नंबराचा करतो, हे तेव्हाही खरं होतं आणि आताही खरं आहे.

शेवटी नंबर लागला. भर आषाढात लागला, म्हणजे मुहूर्त संपल्यावर. रंग निवडायची सोय नव्हतीच. मी मनात निळी धरली होती, आली ती फिक्कट बदामी, आजारी माणसाच्या अंगासारखी. दुकानातला पोरगा ती चालवत घेऊन आला तेव्हा सगळी गल्ली बाहेर. मायनं नारळ फोडला, हळदकुंकू लावलं, बाबा नुसते भोवती फिरत होते. मला वाटलं आता सुटलो. पण काकाजींनी कळवलं, की लग्नाआधी गाडी दारात आणणं शोभत नाही, तुळशीचं लग्न होऊ द्या, मग मुहूर्त काढू. तोवर गाडी तुमच्याकडेच सांभाळा. म्हणून ती आमच्या छपरीत उभी राहिली, वर मायची चांगली चादर. छपरीत माझी खाट होती, ती आत सैपाकघरात गेली. पावसाळाभर मी चुलीच्या धुरात झोपले आणि गाडी हवेशीर राहिली.

बाबा तिला हात लावत नसत. दुसऱ्याच्या नावाची वस्तू, म्हणायचे. भाजी आणायलाही कधी काढली नाही. पण दुकानदारानं बजावलं होतं, की आठवड्यातून एकदा सुरू करा, नाहीतर जाम होईल. ते काम माझ्याकडे आलं. रविवारी सकाळी चादर काढायची, जागच्या जागी किक मारायची आणि धुरात उभं राहून ती धडधडत असताना पाहायचं. एका रविवारी घरी कोणी नव्हतं. मी स्टँडवरच तिच्यावर बसले. हॅन्डल धरलं, मूठ पिळली. गाडी अशी गुरगुरली, की अंगावर काटा आला, आणि समोर पाहिलं तर छपरीची भिंत. मला एकदम इतका राग आला म्हणून सांगू! काकाजींचा आला, बाबांचा आला, सगळ्यात जास्त माझा आला. इतकी वर्षं मी हिच्यासाठी थांबले होते, आणि ही आली तरी मी तिथंच होते. मी गाडी बंद केली, चादर टाकली आणि आत जाऊन पोटभर रडले. माय आली तेव्हा म्हटलं, धूर गेला डोळ्यात.

तुळशीचं लग्न झालं आणि काकाजी शरदला घेऊन मुहूर्ताची बोलणी करायला आले. पोहे झाले, चहा झाला. काकाजींनी छपरीत जाऊन चादर उचलून गाडी पाहिली, हेडलाईटवर बोट फिरवलं आणि परत येऊन खुर्चीत बसले. मग त्यांनी अगदी समजुतीच्या सुरात बोलायला सुरुवात केली. जमाना बदलला आहे. आता नव्या मोटरसायकली निघाल्या आहेत, पेट्रोल कमी खातात, तरणी पोरं त्याच घेतात. स्कूटर आता म्हाताऱ्यांची गाडी झाली. शरदच्या बरोबरीच्या सगळ्यांकडे मोटरसायकल, आणि हा लग्नात स्कूटरवर बसला तर गाव हसेल. तर ही विकून टाकू, वर थोडी भर तुम्ही घाला आणि मोटरसायकलीचं बुकिंग करून टाका. फार नाही, सहा-आठ महिन्यांचा प्रश्न.

"एवढं थांबलो, तर अजून थोडं," काकाजी म्हणाले. "नंबर लागला का लगेच बार उडवून देऊ."

मी दाराआड पोह्यांच्या बशा घेऊन उभी होते. बाबांकडे पाहिलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि ते तिच्या शिवणीवरून अंगठा फिरवत होते. मला त्यांचं तोंड ओळखीचं होतं. ते हो म्हणणार होते. पुन्हा शनिवार, पुन्हा फळा, पुन्हा जून. मी बशा खाली ठेवल्या. पुढं काय झालं ते मला नीट सांगता येत नाही, पण मी बैठकीत जाऊन उभी राहिले, डोक्यावर पदर नव्हता एवढं आठवतं.

"बाबा, हे गाडी देऊन टाका यायले," मी म्हटलं. "यायच्याच नावाची हाय. मी नाई जात."

मायनं आतून माझं नाव घेतलं, मोठ्यानं. काकाजी बाबांकडे पाहून हसले, म्हणाले, पोरगी थकली, होते असं. शरद आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत होता. मला वाटलं बाबा उठून थोबाडीत देतात. ते उठले, माझ्या बाजूनं आत गेले आणि किल्ली घेऊन बाहेर आले. किल्ली त्यांनी शरदच्या हातात दिली. मग परत आत गेले आणि या वेळी पलंगाखालून स्टेपनी काढून आणली. चोरी होईल म्हणून ती त्यांनी गाडीवरून उतरवून घरात ठेवली होती.

"हे बी तुमचीच," ते म्हणाले. "राहून जाईन, म्हणून देतो."

काकाजी नाही म्हणतील असं मला क्षणभर वाटलं होतं. चांगलाच लाल झाला होता त्यांचा चेहरा. असं कसं वामनराव, दोन घरांचा प्रश्न आहे, पोरीच्या बोलण्यावर जाता काय, असं सगळं बोलून झालं. बाबा हात जोडून उभे राहिले. शेवटी गाडी घेतलीच त्यांनी. शरदला चालवता येत नव्हती. इतक्या वर्षांत तो शिकलाच नव्हता, गाडी येईल तेव्हा शिकू म्हणून. त्यानं ती ढकलत गल्लीतून नेली आणि मागून पांढऱ्या धोतरातले काकाजी, छातीशी स्टेपनी धरून. कोपऱ्यावर वळताना शरदनं एकदा मागं पाहिलं. वाईट माणूस नव्हता तो. माझ्याइतकाच अडकला होता, पण त्याला ते कोणी सांगितलं नसावं.

तो हिवाळा वाईट गेला. माय माझ्याशी बोलेना. भाकरी झाल्यावरही बोलेना. बाहेर लोक म्हणत, पोरीतच काही खोट असेल, नाहीतर एवढी गाडी देऊन लग्न कोण मोडतं? बाबा कचेरीत जात आणि घरी येत. शनिवारी ते लवकर घरी येऊ लागले आणि त्या वेळाचं काय करावं हे त्यांना समजेना, म्हणून ते छपरीत रिकाम्या जागेत खुर्ची टाकून बसत. मला भीती वाटायची, की यांना पस्तावा होत आहे. मी विचारलं नाही. विचारायची हिंमतच नव्हती, एकदाच बोलले होते तेवढ्यात सगळी संपली होती.

जून लागला. एका सकाळी बाबांनी टोपी घातली, अंगणात सायकल काढली आणि मला म्हणाले, मार्कशीट घे आणि चल. कुठं, ते मी विचारलं नाही. मी त्यांच्या मागं कॅरिअरवर बसले, एवढी घोडी झालेली पोरगी, साडी गोळा करून. माय दारात आली. तिनं माझ्या हातात भाकरीचं फडकं दिलं. रेल्वेच्या पुलाच्या चढावर बाबांना दम लागला. मी उतरले आणि आम्ही दोघं सायकल ढकलत चालू लागलो. तिथंच त्यांच्या कचेरीतले एक जण भेटले. त्यांनी आधी मला पाहिलं, मग सायकलीला पाहिलं.

"काऊन वामनराव, घरी नवी स्कूटर आली होती म्हणे ना?"

माझी मान खाली गेली. बाबांनी खिशातला रुमाल काढून मानेवरचा घाम पुसला.

"आली होती," ते म्हणाले. "गाडी देऊन टाकली. पोरगी ठेवून घेतली."

मग त्यांनी सायकल सरळ केली आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "चाल बस लवकर, उशीर होऊन राह्यला."